बायकांचे वार

सरकारने रस्त्याला वार लावून दिले:
सोमवार, बुधवार, शुक्रवार बायकांचे,
मंगळवार, गुरुवार, शनिवार पुरुषांचे.
रविवार कुणाचाच नाही.
रविवारी फक्त पनामाच्या कालव्याबाहेर
खोळंबलेली जहाजं दिसायची, खिडकीतून.
ओळखपत्राच्या शेवटच्या आकड्यावरून
प्रत्येकीला तास.
माझा आकडा सहा.

रिओ आबाहोच्या बाजारात जमिनीवर पिवळ्या पट्ट्या,
युकाचे ढीग, अर्धी कापलेली कलिंगडं,
आणि सगळ्या बायकाच.
रांग लावणारी पोलीससुद्धा बाईच.
माझ्यामागून कुणी शीळ घातली नाही,
तेव्हा कळलं,
इतकी वर्षं मी खांदे आखडून चालत होते.

पुढच्या पट्टीवर ती असायची.
तिचाही आकडा सहा.
नाव तिसऱ्या शुक्रवारी कळलं, दालिस,
औषधाच्या दुकानात तोंडावरच्या कापडामुळे
तिला दोनदा ओरडून सांगावं लागलं म्हणून.
मानेवरची बारीक लव घामाने चिकटलेली.
मी काही केलं नाही.
बघितलं,
आणि आपण बघतोय हे मला कळलं.

घरी रोहेलिओ.
माणूस चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते.
टॅक्सी बंद, दारूबंदी,
संध्याकाळी टीव्हीवर मेलेल्यांचा आकडा,
आणि आकड्यानंतर त्याला मी हवी असायची.
मी छताकडे बघत शिवायचे मास्क मोजायची:
चाळीस झाले, साठ राहिले.
शटर खाली ओढावं तसं
ते आवाज करून संपायचं.
मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी वाळलंय.

आरोग्य केंद्रातल्या बाईंनी फोनवर विचारलं,
दुखतं का?
हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.
नाही, म्हणाले.
मग म्हणाले, हो.
मग कितीतरी वेळ दोघी गप्प,
आणि फोनचे पैसे त्यांचे जात होते.

मे महिन्यातल्या एका बुधवारी
दालिसने न वळता विचारलं,
आज कुलांत्रो ताजा आहे का?
आणि टाच पट्टीवरून
अर्धी वीत मागे आणली.
नियम दोन मीटरचा.
मी टाच हलवली नाही.
पंजा पुढे सरकवला.
आहे, म्हणाले. ताजा आहे.
माझ्या हातात त्या दिवशी फक्त साबण होता.

त्या रात्री न्हाणीत बादलीखाली नळ सोडला
आणि माझाच हात मला पहिल्यांदा भेटला.
घाई नव्हती त्याला.
चव्वेचाळीस वर्षांची मी
ओल्या फरशीवर, ओठ दातांत धरून,
आणि शेवटी हसूच फुटलं:
काही वाळलेलं नव्हतं,
नुसता पत्ता चुकला होता.
बादली भरून वाहत राहिली.
बाहेरून रोहेलिओ ओरडला, अगं, पाणी!

सप्टेंबरात वार उठले.
गाड्यांचे भोंगे, बाल्कन्यांतून टाळ्या,
सगळ्यांना सगळे दिवस परत.
रोहेलिओ पिशव्या उचलायला सोबत आला.
रांगेत कुणीतरी शीळ घातली,
माझे खांदे आपोआप वर गेले.

दालिस चार पट्ट्या पुढे होती.
वळली. शेजारी एक पुरुष, त्याच्याही हातात पिशव्या.
कोण ते मला माहीत नाही.

मी माझी पिशवी रोहेलिओला दिली.
काहीतरी विसरले, म्हणाले,
आणि रांग सोडून
पुढे चालत गेले.

काय विसरले ते त्याने विचारलं नाही.
अजून.