थंड इंजिन

पहिली राखाडी होती, धुऊनपुसून चकचकीत.
मालक म्हणाला, एकच हात, अपघात नाही,
किलोमीटर अवघे एक लाख चाळीस हजार.
दांगुओलेने काही विचारलं नाही.
हातमोजा काढला, बॉनेटवर तळहात ठेवला,
तीन पोरांच्या कपाळांवर रात्री-अपरात्री ठेवते तसा.
उणे अकरात, सकाळी आठला,
बॉनेट कोमट लागलं.

चल, ती नवऱ्याला म्हणाली.
वायदोतास म्हणाला, अगं, सुरू तरी करून बघू.
आपण यायच्या आधीच केली होती त्याने.
गारठलेलं डिझेल कसं उठतं
तेच तर बघायचं होतं मला.

दुसरी उतेनाच्या पुढे, एका गॅरेजमागे.
निळा धूर निघाला. थंडीचा आहे, म्हणाला विकणारा.
तिसरी जाहिरातीत सात सीटची, समोर पाच.
उरलेल्या दोन भावाकडे आहेत म्हणे.
भाऊ कुठे, तर नॉर्वेत.

तिचे आजोबा घोडा घेताना आधी त्याचं तोंड उघडायचे.
इथे दात नाहीत. पेडलची रबरं आहेत,
स्टिअरिंगचं झिजून गुळगुळीत झालेलं कातडं,
आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड,
हजारदा चढून-उतरून बसलेली.
आकडा मागे फिरवता येतो.
कड नाही.

नणंद विचारते, पेट्रोल का नको?
दांगुओले फोनवरच हिशेब मांडते:
दुसेतोसहून हॉस्पिटल, जाऊन-येऊन सत्तर,
आठवड्यात पाच पाळ्या. रविवारी सासू, बटाट्याची पोती.
मधल्याच्या कानासाठी महिन्यातून विल्नियस.
शाळा-दुकान-घर एवढंच असतं
तर डिझेलच्या वाटेलाही गेले नसते.
फिल्टर काजळीने गुदमरतो छोट्या फेऱ्यांत.
लांबचा रस्ता लागतो त्याला, नीट तापू द्यावं लागतं.
(तुझ्या भावासारखंच, हे मात्र ती बोलली नाही.)

चौथी झेनोनासची.
हिरवी स्टेशन वॅगन, तीन लाख अठरा हजार,
डिकीत मेणाचा आणि जुन्या धुराचा वास.
म्हातारा फाटकातच सांगायला लागला:
मागचं उजवं दार आतून उघडत नाही.
ऊब पायाशी लगेच येते, काचेवर उशिरा.
टायमिंग बेल्ट दोन लाख ऐंशीला बदलला,
पावती सापडत नाही.
मग विकता कशाला?
मधमाशा अजून ऐकू येतात, म्हणाला, दिसत नाहीत.

दांगुओलेने तळहात ठेवला.
दहिवर कातडीला चिकटलं.
किल्ली अर्धी. पिवळा दिवा. दिवा विझू दिला.
मग पुरी.
खोकली, अंगभर थरथरली,
काळा एक ढेकर दिला, आणि लागली.

तो शेजारच्या सीटवर बसला, डोळे समोर, कान खाली.
आता डावं वळण, म्हणाला, आणि ते होतंच.
तिसऱ्या गिअरला कुरकुरेल.
कुरकुरली.
बारा वर्षं अशीच आहे, जीव खात नाही.

तिने तरीही घासाघीस केली.
पावती हरवली म्हणून दोनशे युरो कमी करा.
शंभर, तो म्हणाला, आणि मधाची एक बरणी.
वायदोतासला वाटलं, म्हाताऱ्याशी इतकं ताणू नये.
तिला वाटलं, न ताणता घेतली असती
तर त्यालाच वाईट वाटलं असतं.

घरी पोरं भांडली,
न उघडणाऱ्या दाराशी कोण बसणार यावरून.
प्रत्येकाला तीच जागा हवी होती.
बेल्ट तिने पुढच्याच महिन्यात बदलून घेतला.
विश्वास होता. तरीही.

दुसऱ्या दिवशी, पाळीवरून येऊन ती नुकती आडवी झालेली,
फोन वाजला. झेनोनास.
सुरू झाली का पहाटे?
झाली.
बराच वेळ नुसता श्वास.
गार होती?
बर्फ होती, ती म्हणाली.
हं, तो म्हणाला, आणि फोन ठेवायला विसरला.
पलीकडे कोणीतरी खुर्ची सरकवली,
चुलीत लाकूड टाकलं,
ती ऐकत राहिली.