वेळेआधी

गेल्या ऑक्टोबरात बोग्ना
एकशे एक सेकंद उशिरा पोचली.
एकशे एक.
आहेराच्या पाकिटात घालावा तसा आकडा,
साडेतीन तासांच्या वर कुणीतरी मोजून ठेवलेला.

तेव्हापासून फ्रिजवर एक चिठ्ठी: चार अठ्ठावन्न.
एका किलोमीटरला एवढंच मिळणार.
नवऱ्याला कितीतरी दिवस वाटत होतं, दुधाचा भाव.

पोझनानमध्ये सहा नंबरची ट्राम चालवते ती.
पहाटपाळीला पावणेचारला डेपोत,
म्हणून पळणं दुपारी, माल्टा तलावाच्या कडेनं,
जेव्हा शहाणी माणसं जेवून आडवी होतात.
सोबत यागोदा, दातांच्या कवळ्या घडवणारी,
आणि सायकलवर लेखोस्वाव.
त्याच्या गुडघ्यांनी त्याच्याआधीच पेन्शन घेतली.
शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. अजून
आलेखाच्या कागदावर, पेन्सिलीनं,
दोन बायकांचे आठवडे आखतो.

ऑगस्ट गेला. अंगठ्याचं नख काळं पडलं,
मग गेलं. कुणी विचारलं नाही.
सप्टेंबरात तलावाला सहा फेऱ्या.
पाचवीत बोलणं संपलं,
सहावीत कुठूनसा भाजलेल्या सॉसेजचा वास आला
आणि यागोदा रडायला लागली,
मग हसायला, मग दोन्ही,
पण वेग कमी केला नाही.
लेखोस्वावनं पाण्याची बाटली पुढे केली
आणि मुद्दाम दुसरीकडे पाहिलं.

त्यानंतर कागदावर एकच शब्द: कमी.
तीन आठवडे हात आखडता घ्यायचा,
म्हणजे पाय.

हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.
दमणं येत होतं. न दमणं येईना.
रात्री दोन वाजता डावा गुडघा बोलू लागला,
सकाळी विचारावं तर ओळख दाखवेना.
कुणी प्रवासी शिंकला की
बोग्ना केबिनचं दार घट्ट ओढून घेई.
कपाटं आवरून झाली, काकड्या बरण्यांत भरून झाल्या,
चौदा बरण्या. खाणार कोण?
घरात कुणी हळू चाललं तरी राग येई.

बुधवारी यागोदा दारात उभी.
खरं सांगते, म्हणाली, आणि सांगितलं:
काल अंधारात एकटीच वीस किलोमीटर पळाले, जोरात.
बघायचं होतं, अजून आहे का सगळं जागेवर.
होतं. आता पोटरी नाही.

बोग्नाला ओरडायचं होतं.
ओरडली नाही, एक बरणी दिली.
तिलाही काल बूट घालावेसे वाटले होते,
नाडी बांधून झाली होती एका पायाची.

गुरुवारी रस्ते रिकामे, सिग्नल सगळे हिरवे.
श्रुदकाच्या थांब्यावर ट्राम दीड मिनिट आधीच.
नियम आहे: आधी पोचणं हीसुद्धा चूक.
उभं राहायचं, दारं उघडी ठेवून.
मागून टोपीवाले आजोबा कुरकुरले,
बाई, रस्ता मोकळा आहे, थांबलात कशाला?
अकरा वर्षं तिच्याकडे एकच उत्तर आहे:
अजून वेळ झाली नाही.
ते दिलं.
देऊन झाल्यावर पुन्हा एकदा, तोंडातल्या तोंडात.

आरशात एक बाई पळत येत होती.
फारच वाईट पळत होती: टाचा आपटत,
कोपर बाहेर, पिशवीतून कांद्याची पात लोंबतेय.
सवयीनं बोग्नानं वेग मोजला. सातच्या पुढेच.
बाई चढली, दांडा धरून धापा टाकत म्हणाली,
थांबलात माझ्यासाठी, देव भलं करो.

तिच्यासाठी काही थांबली नव्हती.
पण तसं सांगितलं नाही.
घड्याळाकडे पाहिलं. अजून वीस सेकंद.
पाय पेडलवरून उचलून
तिनं ते वीसही बसून घालवले.