घोड्याचे दात

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात,
पण मी मोजले. सवयच आहे.
मुहर्रकच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत
दिवसभर मी दातच करते,
आधी मेणाचे, मग गुलाबी हिरडीत पक्के रोवलेले.

अबू याकूबांनी दिलेल्या कुंडीत अकरा होते.
दोन रांगा, समोरासमोर,
वरून सुरीने सपाट कापल्यासारखी पानं
आणि कापलेल्या जागी काच.
खरंच काच. उजेडात धरली की आतलं हिरवं पाणी दिसायचं.
"घोड्याचे दात म्हणतात याला,"
आणि बोळकं उघडून हसले ते.
(त्यांची कवळी तेव्हा माझ्याच टेबलावर होती, अजून मेणात.)

बत्तीस वर्षं विमानतळाच्या टॉवरमधून
विमानं उतरवली त्यांनी.
आता गच्चीवरच्या खोलीत एसी लावून झाडं सांभाळतात.
हिंदी बोलतात, जुन्या बंदरातली, थांबत थांबत:
वाळू जाड घे. माती नावाला.
पाणी थंडीत. उन्हाळ्यात विसरून जा.
आणि तोडलंस काही तर लगेच लावू नकोस,
जखम सुकू दे.
घाई करणाऱ्याचं कुजतं.

खोलीतली ब्लेसी म्हणाली, आपणही अशाच की गं,
तोडून आणून लावलेल्या.
मी म्हटलं, गप बस. झाडाला झाड राहू दे.

ऑगस्टात बारा दिवस सावंतवाडीला गेले,
भावजयीच्या बाळंतपणाला.
परतले तर फ्यूज उडालेला,
ब्लेसी बहिणीकडे,
फ्रिजमधले बांगडे आणि खिडकीतलं झाड
एकाच वासाचे झालेले.
काचा धुरकट. बोट लावलं तर पान
भिजल्या पोह्यासारखं दबलं.
रडले नाही. म्हणजे, फ्रिज पुसताना थोडं.

फोनवर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, पानं टाकून दे. मुळं बघ.
जाड आहेत? पांढरी? कडक?
मग अजून मेलेलं नाही ते.

मेण कोरायची सुरी स्पिरिटने पुसली.
आमच्याकडे रोज मुळं मारतात, नंबर लावून,
मी पहिल्यांदाच दोन वाचवत होते.
नऊ दिवस टिपकागदावर,
कुणाकुणाच्या दाढांच्या साच्यांशेजारी.
मग उभी पुरली, टोक तिळाएवढं उघडं ठेवून,
आणि लॅबच्याच फळीवर ठेवली,
कारण तिथला एसी डॉक्टर हुदा ईदलाही बंद करत नाहीत.

सप्टेंबर. काही नाही.
ऑक्टोबर. मारिसेलने चुकून तीत पेन खोचलं.
नोव्हेंबरात मी बघायचंच सोडलं.
डिसेंबरात एका सकाळी कडेने वाळू फुगली होती,
दात यायच्या आधी बाळाची हिरडी फुगते तशी.
मग एक हिरवं, बोथट, बिनकाचेचं टोक.
शेजारी दुसरं. दुसऱ्या मुळाला आणखी एक.
दुधाचे.

फेब्रुवारीत ते आले, कवळी डावीकडे टोचते म्हणून.
मी घासत होते, ते भिंतीकडे बघत सांगत होते:
त्याच आठवड्यात गच्चीवरचाही एसी गेला होता.
मुलगा दम्मामला. कळलं तोवर दोनशे कुंड्या.
मी विचारलं, मग मुळं?
त्यांनी हात पुढे केला. बोटं थरथरत होती,
सुरी नव्हे, चहाचा पेलाही धरवला नसता.
म्हणजे "पानं टाकून दे" म्हणाले तेव्हा
ते तिथेच बसले असणार, त्या वासात.

मी फळीवरून दोन कोंबांची कुंडी काढली,
त्यांच्या मांडीवर ठेवली.
कवळी धुऊन हातात दिली.
त्यांनी ती बसवली, चश्मा पुसला,
कुंडी नाकाजवळ नेली
आणि धर्माच्या गाईचे दात
सावकाश मोजले.

"दोन," म्हणाले.
मग वाळूकडे आणखी वाकून,
"नाही, थांब."