काटा

संस्थेनं दिला नाही काटा.
हे आधी लिहून ठेवते,
नाहीतर अहवालात तसंच छापून येईल.
तेवीस जणींनी दर सोमवारी वीस-वीस रुपये टाकले, नऊ सोमवार.
मी फक्त वही सांभाळली,
आणि चोपड्याहून स्कूटीवर, दोन्ही पायांच्या मधे ठेवून,
हातेडच्या खड्ड्यांतून तो आणला.

पहिल्यांदा त्यावर कापूस नाही ठेवला कोणी.
ठगूबाईनं दुकानातली किलोभर साखर ठेवली:
नऊशे चाळीस.
मग रुमशाबाईचं नातवंड. मग कोंबडी, जी उडाली.
मग एकेक जण स्वतःच चढली,
आकडा पाहून पदरात तोंड लपवत हसली.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला
बांधावर गाठोडी उतरली.
मालक वाईट माणूस नाही.
चहा पाजतो, लग्नाकार्याला उसने देतो.
निंबाच्या फांदीला टांगलेला त्याचा काटा
वडलांच्या वेळचा, गंजका,
चौदावर येऊन थांबायचा
जसा म्हातारा बैल ओळखीच्या वळणावर थांबतो.

लटकनबाईची बोटं बोंडांनी ओरबाडलेली,
त्याच बोटांनी तिनं फडकं सोडलं:
"आते आमना काटावर मोज."
सोळा.
काढून पुन्हा ठेवलं. सोळा.
कुणी काही बोललं नाही. लांब कुठेतरी
केळीच्या बागेतली मोटार बंद पडली, एवढंच.

हर्षाली नववीतली.
शनिवार, सकाळची शाळा, म्हणून आईबरोबर वेचणीला आलेली.
गणित तिला आवडतं असं नाही,
पण तिनं केलं:
दिवसाला दोन किलो, किलोला दहा रुपये,
हंगामाचे साठ दिवस.
"बाराशे," म्हणाली. मग थांबली.
"माय, तू कधीपासून वेचतेस?"
"तू पोटमा बी नव्हती तवय."
"तेव्हा भाव काय होता?"
दीड रुपया. मग दोन. मग तीन, ज्या वर्षी बोंडअळी आली.
भाव सगळ्यांना आठवत होते,
लेकरांच्या जन्मतारखांपेक्षा नीट.
वहीचं पान पुरलं नाही.

मालकानं टोपी काढून डोकं खाजवलं.
त्या दिवशी सोळाचेच दिले.
मागच्याबद्दल तो काही म्हणाला नाही.
ह्यांनीही मागितलं नाही,
फक्त ती दोन पानं फाडून
काट्याबरोबर फडक्यात बांधली.

रात्री मी मासिक अहवाल भरायला बसले.
त्यात एक रकाना असतो: लाभार्थी संख्या.
तेवीस लिहिलं.
पेन तिथंच राहिलं बराच वेळ.
मग वरचा छापील शब्द खोडला
आणि लिहिलं: घेणेकरी.

जळगावच्या कचेरीतून फोन आला,
ताई, शब्द चुकलाय बहुतेक.
म्हटलं, येऊन तपासा.
काटा ठगूबाईकडे आहे,
जुन्या लुगड्यात गुंडाळून, कणगीच्या मागे.
आधी साखर ठेवून बघा.