मालकाचा रकाना

यादीत एक्केचाळीस, बिलात चव्वेचाळीस.
हे वरचे तीन कोण राबतायत आपल्याकडे,
ते शोधायला मला बसवलंय
पुएर्तो मोंतच्या धक्क्यावर, सॅमनच्या कंपनीत,
माझ्याइतकीच नोकरी झालेल्या एका हीटरपाशी.

दोन लगेच सापडले.
विक्रीतल्या पोराने चाचणीसाठी उभे केले
आणि विसरला, फ्रिजमध्ये डबा विसरावा तसा.
खोडले. कुणी हूं की चूं केलं नाही.

तिसरा कामाचा निघाला.
दर मंगळवारी पहाटे तीन-दहाला
तो टाक्यांमधलं पाणी वाचतो, पिल्लं मोजतो,
होडीसाठी ऑक्सिजनचे सिलिंडर मागवतो,
पैसे चुकते करतो
आणि खाली सही करतो : हेरिबेर्तो बारिया.

हेरिबेर्तो बारिया निवृत्त होऊन तीन हिवाळे झाले.
त्याचं कपाट रिकामं केलं, ओळखपत्र कापलं,
निरोपाचा केक मीही खाल्ला.
किल्ल्या तेवढ्या कुणी मागितल्या नाहीत.
त्या त्याच्या खिशात नव्हत्याच.

फोन लावला. पुंता आरेनासला मुलीकडे असतो.
आधी आठवेना. मग म्हणाला,
"अजून चालतंय ते?"
दुसऱ्याला देऊन टाकलेल्या कुत्र्याची
चौकशी करावी तशा आवाजात.
"एका रात्री कुणी सिलिंडर मागवले नव्हते, एल्सिरा.
सकाळी टाकीभर पांढरी पोटं.
मी घाईत होतो. दिसेल त्या दाराची किल्ली त्याला देऊन टाकली."

दिसेल त्या म्हणजे कोठाराची, बँकेची,
पगारपत्रकाचीसुद्धा.
पाच वर्षं तो माझा पगार वाचू शकत होता.
वाचला नाही. कुणी सांगितलं नाही म्हणून.

आणि सांगितलं असतं तर?
गेल्या महिन्यातलं एक चलन उघडलं,
नोट उजेडाला धरावी तसं पाहिलं.
तळाशी, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, एक ओळ :
यापुढची रक्कम नव्या खात्यात भरावी.
माणसाला दिसली नसती.
त्याला दिसली. त्याने भरली.
लबाडी नाही त्यात. सांगकाम्या तो;
मालक बोलतोय की नुसता कागद,
हे ओळखायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

साहेब म्हणाले, आजच्या आज बंद कर.
म्हटलं, आणि मंगळवारी?
तीनला तुम्ही उठणार?

मग एकेक किल्ली काढून घेतली.
पगाराची आधी.
बँकेची काढताना पडद्याने विचारलं, नक्की?
नक्की.
पाणी वाचायची ठेवली. मागणी लिहायची ठेवली.
द्यायची नाही.
सोबत एक वही लावून दिली :
काय पाहिलंस, काय केलंस, कुणाच्या सांगण्यावरून.
त्यातलं अक्षर खोडायचा हक्क त्याला नाही,
मलाही नाही.

राहिला मालकाचा रकाना.

चिलोएला माझ्या वडिलांची पाचजणांत मिळून एक होडी होती.
रंगवायला पाचहीजण यायचे.
एका रात्री दोर सुटून ती वाहत गेली,
शेजारच्यांचं जाळं फाडलं,
आणि सकाळी ती कुणाचीच नव्हती.

मी "संगणक विभाग" असं लिहिलं. पुसलं.
एल्सिरा नावेल्किन, असं लिहिलं.
माझंच नाव, पण त्या चौकटीत
जामीन राहिल्यासारखं दिसलं.

आज मंगळवार. तीन-दहा.
उशीशी फोन उजळतो :
बारा सिलिंडर. मंजुरी द्यावी.

मागच्या खेपेला नऊ होते.
निम्म्या झोपेत अंगठा पुढे जातोच,
तो मागे घेते,
दिवा लावते, चष्मा चाचपते,
आणि विचारते,
बारा का?