हातचं राखून

कुताईसीत, पुलाच्या अलीकडे, एका तळघरात
शाल्वा म्हाताऱ्याचा स्टुडिओ होता. आता माझा आहे.
त्याच्या वेळी निगेटिव्हवर शिसपेन्सिल चालायची,
टोक इतकं बारीक की श्वास धरूनच टेकवायचं.
त्यानं मला एकच नियम दिला, तोही खोकत खोकत:
"पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार आहे
ते आज घालव.
जे मुक्कामाला आलंय, त्याच्या वाटेला जाऊ नकोस.
आणि पुसशील ते हातचं राखून पूस.
पुसलेलं दिसलं, तर डाग बरा होता."

नियम चालला पुष्कळ वर्षं.
नवऱ्या मुलाच्या हनुवटीवरची पुटकुळी: गेली.
गुलिको बाईंच्या ओठावरचा तीळ: राहिला.
भाचा म्हणाला, काढा की हो, नाहीतरी कुणाला आवडतो?
म्हटलं, वर्गातली पोरं पाढे म्हणताना
तिथंच बघतात.

पण पावाच्या भट्टीवरचा झुराब?
वाकून वाकून त्याची एक भुवई कायम करपलेली.
पंधरा दिवसांत उगवते,
त्याच पंधरा दिवसांत तो पुन्हा वाकतो.
मी भुवई तशीच ठेवली. त्यानं पाव दिला, गरम,
आणि फोटो पिठाच्या हातानं धरला.

आणि लामारा, रात्रपाळीची नर्स,
दर वर्षी म्हणते, ड्यूटी बदलली की डोळ्यांखालचं जाईल.
अकरा वर्षं मी ते काळं निम्मं पुसते.
पन्नास टक्के. कधी साठ.
मग खुर्ची मागे ढकलते, पाठ भिंतीला लागेपर्यंत.
तिथून ती दमलेली दिसली
आणि आजारी दिसली नाही, की पुरे.

नोव्हेंबरात पिक्रिया आली.
डाव्या डोळ्याखाली, गालाच्या हाडावर पिवळं,
आणि कडेनं
कळकलेल्या भांड्याच्या काठासारखं हिरवट.
मी विचारलं नाही. पावडरची डबी पुढे केली.
तिनं उघडली, वास घेतला, मिटून परत दिली.
"एक आईला, बातुमीला. एक मला."

नियमानं हा पंधरा दिवसांचा पाहुणा.
तीन मिनिटांचं काम.
बोट माउसवर ठेवून मी बसले होते
आणि नदीचा आवाज खिडकीतून आत येत होता.
शाल्वा, तू पुटकुळ्यांबद्दल बोलत होतास.

"घालवू?"
"आपोआप जाईल ना ते?"
"जाईल."
"मग तुम्ही कशाला?"

आणि आईच्या फोटोत?
ती स्क्रीनकडे बघत राहिली. कोटाचं बटण
काढलं, लावलं, काढलं.
"आईला आता कमी दिसतं.
तिला दिसेल तेवढं ठेवा."

हे किती, ते कुठल्या पट्टीवर लिहिलेलं नसतं.
मी सत्तरवर गेले, परत आले, पुन्हा गेले.
शेवटी एवढंच उरलं
की परक्याला ती गालाची सावली वाटावी.
आई परकी नाही, हे मला माहीत होतं.
तिच्या स्वतःच्या प्रतीत मी फक्त
कॉलरवरचा लोकरीचा धागा काढला.

मे महिन्यात पुन्हा आली. केस कापलेले.
म्हणाली, या वेळी कुणाला पाठवायचा नाही.
रात्री फोटो उघडला, दुप्पट केला, चौपट केला.
गालावर रंध्रं होती, लव होती,
उन्हाळ्याचे दोन नवे ठिपके. बाकी काही नाही.
तरी माझा हात तिथंच जाऊन थांबला,
जिना उतरताना संपलेली पायरी
पाय शोधत राहतो तसा.

पुलावरच्या वाऱ्यानं एक केस तिच्या गालावर आणला होता,
नेमका तिथं, आडवा.
केसाला कसले आलेत पंधरा दिवस,
फुंकर मारली असती तर उडाला असता.

ठेवला.