तीन तासांच्या मधला ढग

दोना पावलाच्या टेकडीवर माझं गणित
हवेचे चाळीस थर मांडून बसतं.
प्रत्येक थर आपल्या उबेतून
थोडं वर देतो, थोडं खाली;
वजाबाकीत उरते ती थंडी,
दिवसाला दीड अंश, कधी दोन.

अवरक्त किरणांचा हिशेब महाग पडतो,
म्हणून तीन तासांतून एकदा.
मधल्या वेळी आकाश
शेवटचं सांगितलेलंच बोलत राहतं.

चोडणच्या खाजनात तापमापक ठेवला होता.
मॉडेलची गुरुवारची रात्र
त्याच्याहून सव्वा अंश गार.
बाष्पाचा तक्ता तपासला, कार्बनचा तपासला,
शेवटी फेरीने पलीकडे गेले.

मानशीवर कुस्तान बसला होता,
ओहोट लागली की दार उचलायला.
"गुरुवारी? एकाला ढग आला की.
इतकं उबलं, बनियन काढला.
अडीचला गेला. मग बांधभर दंव."

परत येऊन फाइल उघडली.
ढग मॉडेलमध्येही आला होता,
पाण्याच्या खात्यात त्याची नोंद होती.
किरणांच्या खात्याला कुणी कळवलंच नाही;
ते बाराला पाहून गेलं
आणि तीनला उठलं तेव्हा
वर नुसत्या चांदण्या.

आता हिशेब तासातासाला होतो.
एक वर्ष चालवायला नऊ दिवस लागतात,
सुब्राय मशीनचं बिल दाखवत फिरतो.

आणि कुस्तानला विचारायचं राहिलंच,
बनियन परत घातला
तो नेमका कितीला.